फ्रीजमागचे दोन पंखे

सांगली, १० मार्च २०२४

ति. सुमंतदादास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर आपलं भांडण होतं आणि मग वहिनी फोन घेते, म्हणून हे कागदावर. एक एप्रिलला तात्यांचे तुझ्याकडचे चार महिने संपतात आणि ते कॅम्पर घेऊन माझ्याकडे येतात. त्याला माझी ना नाही. आई गेल्यावर त्यांनी वाईचा फ्लॅट विकून सगळं आपल्या दोघांना वाटलं आणि स्वतःला तेवढी राहायची गाडी ठेवली, हे मी विसरलेले नाही.

पण गेल्या खेपेला गाडीतल्या फ्रीजमागच्या दोन पंख्यांनी जीव नकोसा केला. गरम हवा बाहेर फेकणारे वीतभर पंखे, पण खडखड अशी, की सोसायटीच्या चेअरमननी तुझ्या मेहुण्याला, अनीशला, जिन्यात गाठून विचारलं, पार्किंगमध्ये पिठाची गिरणी काढलीत का. अपूर्वाचा अभ्यास होईना. तात्यांना मात्र त्याच आवाजात गाढ झोप लागते. तेव्हा पंखे बदलून मगच गाडी पाठव. लहानपणी माझा रेडिओ खोलून तू त्याला कायमचा गप्प केलास, त्या हातांना हे जड जाऊ नये.

त्यांना घरात का घेत नाहीस, असं विचारू नकोस. जादा खोली एकच आणि ती अपूर्वाची. तूही घेत नाहीसच.

वहिनीला नमस्कार. माया आहे ती राहू दे.
तुझी,
अबोली

सातारा, २९ मार्च २०२४

चि. सौ. अबोलीस,
अ. उ. आ. वि. वि.

पंखे बदलले. कॉम्प्युटरमध्ये असतात तसले आहेत, कान लावला तरी ऐकू येत नाहीत. तात्या तीन दिवस रुसले. जुने पंखे भंगारात टाकतो म्हटल्यावर त्यांनी ते बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवले. विनोदिनी म्हणाली, म्हाताऱ्याला आता पंख्यांचाही लळा लागला. आम्ही खूप हसलो. तात्याही हसले, पण जरा उशिराने.

घरात घेण्याचा टोमणा पोहोचला. आमच्या खालच्या खोलीत विनोदिनीचे योगाचे वर्ग चालतात, हे तुला माहीत आहे. तात्यांना गाडीत काही कमी नाही.

अपूर्वाला आशीर्वाद. लोभ कमी करू नये.
तुझा दादा,
सुमंत

ता. क. वेगळी वायर ओढायचा कंटाळा केला आणि पंखे दिव्याच्या बटणावर जोडले. दिवा बंद केला की पंखेही बंद आणि मग फ्रीज गार होत नाही. तात्यांना सांगितलं तर ते नोकरीला होते त्या वीजघरातल्या वायरिंगवर तासभर व्याख्यान ऐकावं लागेल. तूच सांग, दिवा रात्रंदिवस चालू ठेवा म्हणून. त्यांचं इन्सुलिन त्याच फ्रीजमध्ये असतं.

सांगली, २८ एप्रिल २०२४

ति. सुमंतदादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझे हात सोन्याचे. गाडीत माणूस आहे की नाही, हेही आता कळत नाही. चेअरमन स्वतः अनीशला चहा पाजून गेले.

तुझा ता. क. वाचला होता. पण दिव्याचा उजेड समोरच्या बाईंच्या खिडकीत जातो, म्हणून मी तात्यांना नऊनंतर दिवा नको असंच सांगितलं. शेजाऱ्यांसोबत मला जन्म काढायचाय. दिवसा तर ते दिवा लावतच नाहीत. उन्हात दिवे जाळणाऱ्यांवर ते आयुष्यभर चिडत आले, ते आता कुठे बदलणार?

बाकी कुरकुर चालूच. दूध नासतं म्हणतात. इन्सुलिन तुझ्या फ्रीजमध्ये ठेवतेस का, असं विचारायला दोनदा जिने चढून आले. अपूर्वाच्या वाढदिवसाचा केक आणि आमरसाचे डबे, जागा कुठे होती? मला तर ही वर यायची निमित्तं वाटतात. टाचेला चप्पल चावलीय, तर तेही लंगडून दाखवतात.

आमरस पाठवते. जीव लावतोस तसाच लावत राहा.
तुझी,
अबोली

सातारा, २७ मे २०२४

चि. सौ. अबोलीस,
आ. वि. वि.

तात्यांचा डावा पाय गुडघ्याखाली कापला, हे मला अनीशच्या मेसेजवरून कळावं? डॉक्टर म्हणतात, इन्सुलिन उष्णतेने केव्हाच वाया गेलं होतं. म्हणजे तात्या रोज नेमाने नुसतं पाणी टोचून घेत होते आणि टाच आतून सडत होती. मी तुला स्वच्छ लिहिलं होतं. माझ्याकडून चूक नाही.

भेटायला येणार होतो, पण विनोदिनीचं शिबिर आहे. आता ते गाडी चालवू शकणार नाहीत, त्यामुळे पाळीचा प्रश्न संपला. गाडी जिथे आहे तिथे राहील. आवाज तर करत नाही, मग तुला बारमाही ठेवायला काय अडचण?

कळावे.
सुमंत

मु. इस्लामपूर, १ ऑगस्ट २०२४

चि. सुमंत व चि. सौ. अबोली यांस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

दोष कुणाचा ते मीच ठरवावं, म्हणून अबोलीने मला सुमंतची दोन्ही पत्रं वाचायला दिली. वाचली. मला वाईट वाटलं, आणि ते पायाचं नव्हतं. दिवा बंद ठेवा म्हणालात, ठेवला. पोरांना त्रास नको एवढंच माझ्या डोक्यात होतं.

इथल्या सिद्धू गॅरेजवाल्याने डब्यातले जुने पंखे पुन्हा बसवून दिले, वेगळ्या वायरवर. त्यांच्या बॅटरीला मी रोज चार्जर लावीन, तोवर ते चालतील. तो म्हणाला, तात्या, लय खडखडत्यात, नवं घ्या. मी म्हटलं, हेच पाहिजेत. गाडी तोच चालवतोय. सोमवारी साताऱ्याला पोहोचतो. सुमंत, गाडी तुमच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली लागेल. चार महिन्यांनी सांगली. पाळी मोडायची नाही. एका पायाने जिने चढवत नाहीत, तेव्हा कुणाच्या फ्रीजमध्ये जागा मागायला मी येणार नाही.

कोयनेच्या वीजघरात माझी तीस वर्षं गेली. आवाज चालू असला की आम्ही कॉलनीत बिनघोर झोपायचो आणि थांबला की अंगावर सदरा नसला तरी धावायचो. तुमच्या खिडकीखालचा आवाज एखाद्या रात्री थांबेल. तुम्ही धावू नका. झोप पुरी करा, चहा घ्या आणि मग दार उघडून बघा.

अपूर्वाला पापा.
तुमचा,
तात्या