मयताचा कॅमेरा

नाना, तुमचा तो चौकोनी, दोन भिंगांचा कॅमेरा मी उघडला. तुम्ही असता तर हात लावू दिला नसता हे ठाऊक आहे, पण तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा राग एव्हाना थोडा निवला असेल असं धरून चालते. भावाने चोपड्याचं तुमचं फोटोचं दुकान मोबाइलवाल्याला भाड्याने दिलं, तेव्हा पोटमाळ्यावरचं सगळं सामान माझ्या वाट्याला आलं. लग्नाचा कॅमेरा पार गेलेला होता, आत पालीने संसार थाटला होता. हा मात्र चामड्याच्या पेटीत जसाच्या तसा. भिंगावर आतून बुरशीची जाळी, फोकसचं चाक गोठलेल्या ग्रीसने घट्ट, आणि वरून वाकून बघायच्या काचेखालचा आरसा आंधळा झालेला. भावाने तो घरात आणूच दिला नाही. ओसरीवरूनच माझ्या गाडीच्या डिकीत ठेवला आणि हात धुवून आला.

धुळ्याला माझ्या घरी आणल्यावर सगळा पावसाळा मी त्याच्यामागे घालवला. दवाखान्यातून आले की जेवणाच्या टेबलावर जुनं धोतर पसरायचं आणि एकेक स्क्रू काढून ताटलीत ठेवायचा. घरातले म्हणायचे, लोकांची हाडं बघून पोट भरलं नाही म्हणून आता ही कॅमेऱ्याची हाडं मोजतेय. बुरशी एकदाची निघाली, पण जागोजागी काचेवर बारीक डाग राहिले. ते आता जाणार नाहीत. आरसा नवा कापून बसवला. शटर आधी आळसटल्यासारखं उघडायचं आणि मिटायचं विसरायचं, तेही हळूहळू ताळ्यावर आलं. मग कुरियरने रोल मागवला आणि फोटो काढले. कशाचे काढले ते ऐकाल तर हसाल. केळीचे घड, शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर, दवाखान्याच्या पायऱ्या, आमच्या गच्चीवरची पाण्याची टाकी. आख्ख्या रोलमध्ये जिवंत माणूस एकही नाही. माणसावर तो कॅमेरा रोखायची माझी हिंमतच झाली नाही, नाना. एक्स-रे काढणारी बाई मी, दिवसभर विज्ञानाच्या गोष्टी करते, आणि घरी येऊन केळीचे फोटो काढते.

पण ही भीती तुम्हीच घातलेली. तुमचे कॅमेरे दोन होते, एक लग्नाचा आणि एक मयताचा, हे आम्हाला दूध आणि ताक वेगळं असतं तितकं साधं माहीत होतं. आजूबाजूच्या गावांत कितीतरी म्हाताऱ्यांचा जन्मात फोटो निघालेला नसायचा. माणूस गेला की कुणीतरी सायकल मारत दुकानावर यायचं, तुम्ही हातातलं काम ठेवून निघायचात. गेलेल्याला खुर्चीवर बसवलेलं असायचं, डोक्याला फेटा, मागून मुलांनी खांदे धरलेले, भोवती सगळं घर. तो पहिला आणि शेवटचा फोटो. तुम्ही परत आलात की मागच्या दारी अंघोळ, आई वरून पाणी ओतायची, आणि कॅमेरा बाहेरच्या कोनाड्यात. एकदा मी तो कोनाड्यातून काढून गळ्यात अडकवला होता. तुम्ही ओल्या अंगानिशी धावत आलात. "ठेव तो खाले! त्याले हात लावानं नही!" तुमचा तसा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही. तेव्हापासून मी मनात पक्कं केलं की त्या भिंगातून ज्याच्याकडे पाहिलं तो माणूस गेला.

आणि दुसरीही एक गोष्ट पक्की केली होती. आबा गेले तेव्हा त्यांचा फोटोही तुम्हीच काढलात. तुमचे स्वतःचे वडील, आणि तुम्ही अंगणात उभे, कॅमेरा पोटाशी धरलेला, मान खाली, काचेत बघत. "थोडं डावीकडे सरका" असं चुलत्यांना सांगताय. आत्या त्या दिवशी ओसरीवर सगळ्यांदेखत म्हणाली की माझा भाऊ दगडाचा आहे. मी तिच्या शेजारीच बसले होते. मला ते खरं वाटलं. पुढे मला दवाखान्यात नोकरी लागली तेव्हा तुम्ही फिल्म धुवायची तुमची टाकी मला दिलीत, एक शब्द न बोलता, वर्तमानपत्रात गुंडाळून. तेव्हाही मला वाटलं, दगडाने दगडाच्या मानाने बरंच केलं.

आता या हिवाळ्याची गोष्ट. आईच्या हृदयाची झडप बदलायचं ठरलं, जळगावला. डॉक्टरांनी वय बघून जे सांगायचं ते सांगितलं, आणि ते आम्ही आईपासून लपवलं, आणि तिला ते अर्थातच कळलं. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी मी चोपड्याला गेले तर ती नवं लुगडं नेसून अंगणात खुर्ची टाकून बसलेली. "तो कॅमेरा आनेल शे ना? मना फोटू काढ." मला वाटलं, मोबाइलवर काढू. तर म्हणे, मोबाइलमधले फोटो सगळे दुसऱ्याच्या लग्नातले, कापून काढलेले, प्रत्येकात कुणाचा तरी खांदा शिल्लक. तिला स्वतःचा, एकटीचा, चांगला फोटो हवा होता. तुम्ही सगळ्या तालुक्याचे फोटो काढलेत नाना, पण बायकोचा एकटीचा एकही नाही, हेही मला त्याच दिवशी कळलं.

भाऊ मध्ये पडला. "ताई, त्या कॅमेरावरी नको व. उद्या तिले दवाखानामा लई जानं शे. बठ्ठं गाव काय म्हनी?" खरं सांगते, तो बोलला म्हणून मला बोलावं लागलं नाही, नाहीतर हेच मी म्हणणार होते. कॅमेरा डिकीतच होता. आईने भावाकडे बघितलंही नाही. "गावले काय करनं शे? फोटू मना शे, गावना नही." मग मी जाऊन तिच्या पायाशी बसले आणि शेवटी विचारलंच, की आई, तो मयताचा कॅमेरा आहे, तुला भीती नाही वाटत? ती हसली. तुम्हाला माहीत आहे, ती हसली की आधी खोकते.

"मयतना कॅमेरा नही व तो," ती म्हणाली. "तुना बापले रडू येये. कोनाबी घर मयत राहो, हाऊ मानूस रडे. पहिले लगनना कॅमेरावरीच फोटू काढेत ना तठे, पन तो डोयाले लावना पडे, समोर दखनं पडे, आनि लोकेसले दिसे. मंग हाऊ कॅमेरा इकत लिधा. ह्यामा मान खाले घालीसन दखता येस. कोनले डोया दिसतस नही." आबांच्या दिवशी तुम्ही घरी आलात तेव्हा वरची काच इतकी ओली होती, की तिने ती पदराने पुसली. आणि ज्या दिवशी मी तो गळ्यात घातला, त्या दिवशी तुम्ही एका लहान मुलीच्या घरून आला होतात. माझ्याच वयाची. हे सगळं ती अशा सुरात सांगत होती की जणू भाजीत मीठ किती घालायचं ते सांगतेय, आणि मी तिथे बसल्या बसल्या इतकी हलकी झाले, नाना, की उठताना भावाने हात द्यायच्या आधीच उभी राहिले.

कॅमेरा मी स्वतः घरात आणला. अंगणात ऊन कोवळं होतं. त्या काचेत डावं उजवीकडे दिसतं हे मी विसरले, आईला एका बाजूला सरक म्हटलं की ती चौकटीच्या बाहेरच जायची, आणि मग चिडायची. शेवटी ती बसली. मी मान खाली घातली, कॅमेरा पोटाशी धरला, तुमच्यासारखा. त्या छोट्या चौकोनात माझी आई, नीट, स्पष्ट, लुगड्याचा काठसुद्धा दिसतोय. मी बटण दाबलं.

ऑपरेशन नीट झालं. एवढं एक वाक्य लिहायला मला सगळ्यात जास्त आनंद होतोय. तोवर रोल कॅमेऱ्यातच होता, धुवायला मी हात लावला नव्हता. ती घरी येऊन स्वतःच्या हाताने भाकरी थापायला लागली, तेव्हा मी तुमच्या टाकीत रोल धुतला. फोटो घेऊन चोपड्याला गेले. आईने चष्मा लावून पाहिला आणि तिचा पहिला शेरा: "तोंड कसं उघडं पडेल शे दख. हाऊ भितवर लावाना नही. दुसरा काढ." मग दुसरा काढला. मग भावाने केस विंचरून स्वतःचा काढून घेतला, मग वहिनीने, मग शेजारणी नातवंडांना तोंडं धुवून घेऊन आल्या. सगळे जिवंत, सगळे तक्रार करणारे. आईचा दुसरा फोटो आता भिंतीवर आहे, तुमच्या शेजारी, आणि तिच्या सक्त ताकिदीनुसार त्याला हार नाही.

हे पत्र मी कॅमेऱ्याच्या चामडी पेटीत, तळाशी ठेवते आहे. दुसरीकडे कुठे टाकणार? पहिला फोटोही त्याच पेटीत आहे. त्यात आईचं तोंड उघडं आहे, कारण त्या क्षणी ती मला म्हणत होती, "रडी ले व पोरी, माले काय दिसत नही." आणि फोटो थोडा हललाय. भावाने विचारलं तेव्हा मी सांगितलं, जुनं शटर आहे, अडकतं मधूनच.

शटर अगदी व्यवस्थित चाललंय, नाना.