त्रेचाळीसचा हंगाम

चौक, उत्तन
ता. ७ मे १९४४, रविवार

प्रिय लिओनार्ड,

येशूच्या कृपेने इथे सगळे बरे आहेत. गेल्या महिन्यात मुंबईच्या गोदीतल्या स्फोटाचा आवाज आमच्यापर्यंत आला, खिडक्या हादरल्या, आणि मी भाईंदरहून येणाऱ्या प्रत्येकाला अडवून तुझी चौकशी करत होते. तुझं पत्र परवा मिळालं. त्यात ‘मी खुशाल आहे’ एवढी एक ओळ आणि बाकी सगळी टीम! गिरणीच्या साहेबाला टीमची वर्षावार हकिकत छापायची आहे, टेरेझा, तुला सगळं आठवतं, तेव्हा लिहून पाठव, म्हणे. आणि खाली, ‘बेचाळीसपर्यंतच लिही.’ बरं बाबा, घे.

सन छत्तीस. पावसाळ्यात बोटी वर ओढलेल्या, मासळी सुकवायचं मैदान रिकामं, आणि तुम्ही सगळे घरात बसून आयांची डोकी खात होता. शाळेच्या मास्तरांनी फुटबॉल आणला. बोंबील वाळवायच्या वलांडीचे बांबू उपटून तुम्ही गोल उभे केलेत आणि परत बांधले नाहीत, म्हणून माझ्या आईने अख्ख्या टीमला शिव्या घातल्या. हे साहेबाला सांगू नकोस.

सदतीस. अनवाणी पायांनी गोराईला हरवलं. मॅन्युएलने गोल अडवताना पुढचा दात घालवला आणि तो दात वर्षभर लोकांना दाखवत फिरला.

अडतीस. मुंबईच्या गिरणीने टीमच्या टीम उचलली. पावसाळ्यात खेळायचं, एरवी खात्यात काम करायचं आणि वर पगार. बाबा आठवडाभर हसत होते. “बॉलला लाथ मारायचं पैसं देतात? मंग आमची बैलं काय वायट हायेत?”

एकोणचाळीस. हरलात, पण नाव झालं. ईस्टरनंतर आपला साखरपुडा झाला होता आणि निघताना तू बाबांना म्हणालास, “हंगाम संपला की लग्न.” आता आपल्या चौक गावात हंगाम म्हणजे मासळीचा, दुसरा कुठला? जूनमध्ये बोटी वर आल्या, आम्ही मांडव घातला, तांदूळ दळले, जेवणासाठी डुक्कर ठरवलं. तू आला नाहीस, कारण तुझा हंगाम तेव्हा नुकता सुरू झाला होता! सप्टेंबरात नवा सूट घालून, बँडबाजा घेऊन आलास, तर गावात फक्त बायका आणि म्हातारे. बाबा बोटीवर होते. परतल्यावर माझ्यावरच ओरडले, “हंगाम कुनाचा, त्यो इचारला न्हाय का तू?” आपण दोघं विहिरीपाशी बसून किती हसलो होतो. मला तुझा राग आला नव्हता, अगदी खरं सांगते.

चाळीस. अंतिम सामन्यात एका गोलने हरलात. मी विचारलं, तू म्हणालास, हंगाम संपला की.

एक्केचाळीस. कप जिंकलात. उत्तनपासून चौकपर्यंत मिरवणूक निघाली, कोळणींनी तुमच्यावर फुलं उधळली. त्या गर्दीत मी तुला गाठलं. पुन्हा तेच. हंगाम संपला की.

बेचाळीस. ऑगस्टात मुंबई पेटली, सामने बंद पडले. सगळे खेळाडू गावी आले, तू आला नाहीस. पहिल्या खेपेला खरंच गैरसमज झाला होता, लिओनार्ड. पुढे तो शब्द तुला सोयीचा पडला. कुठला हंगाम, ते कुणी विचारू नये म्हणून.

झालं तुझं बेचाळीसपर्यंत. पण मला त्रेचाळीस लिहायचं आहे, कारण तेच तू टाळलंस. मॅन्युएल नाताळात येऊन गेला. त्याला मी खोदून खोदून विचारलं. शेवटी म्हणाला, “ह्या पावसात खेळताना त्याचा गुडघा ग्येला. आता बाकावर बसतो आनि दुसऱ्यांचे बूट धुतो. तुला सांगू नको बोलला.” मूर्ख माणसा! बोटीवर चढता येणार नाही, जाळं ओढता येणार नाही, गाव हसेल, यासाठी तू मला वर्षभर लटकवून ठेवलंस? हसू दे की गाव. मी टोपली घेऊन बाजारात बसते, दोघांचं पोट भरण्याइतकं मला विकता येतं. तुझा पाय मला कशाला हवा होता? मला तू हवा होतास. अजून हवा आहेस. लिहून टाकलं, आता खोडणार नाही.

आता ज्यासाठी सकाळपासून आत-बाहेर करते आहे ते. गोराईच्या सेबॅस्टियनची बायको दोन वर्षांपूर्वी वारली. बाबांनी त्याला शब्द दिला आहे. माणूस वाईट नाही, हीच माझी अडचण. परवा घरी आला, गुपचूप छपराची कौलं नीट करून गेला, माझ्याकडे मान वर करून बघितलंसुद्धा नाही. आईला तो आवडला. मला त्याचा राग यावा म्हणून मी फार प्रयत्न केला.

येत्या रविवारी चर्चमध्ये मोठ्या मिसेला फादर लग्नासाठी आमची नावं पहिल्यांदा वाचतील. मग नेहमीप्रमाणे थांबून विचारतील, या लग्नाला कोणाची हरकत आहे का. लंगडत ये, काठी घेऊन ये, मॅन्युएलच्या खांद्यावर हात टाकून ये, पण ये, आणि सगळ्या गावासमोर हरकत घे. बाबांचं मी बघून घेईन.

तू आला नाहीस, तर मीही हरकत घेणार नाही.

रविवारच्या मिसेपर्यंत तुझीच,
टेरेझा