मधल्या फळीतला रिकामा गोल

आप्पा,

तुमच्या दुकानातला पत्रा अजून भिंतीवर आहे. दुकान आता एका मोबाईल दुरुस्तीवाल्याला भाड्यानं दिलंय. पत्रा हलवायचा नाही, हे मी करारात लिहून घेतलं. त्यानं कारण विचारलं नाही, कारण शिवाजी पेठेत त्या पत्र्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. ती गोष्ट खोटी आहे. खरं काय झालं हे माहीत असलेली माणसं दोनच होती, आणि त्यातलं एक अकरा वर्षांपूर्वी गेलं.

फुटबॉलचा वर्ल्डकप आला की सगळं कोल्हापूर ब्राझील आणि अर्जेंटिनात वाटलं जायचं, गल्लीगल्लीत झेंडे लागायचे, आणि तुमच्या बूट दुरुस्तीच्या दुकानात मात्र इंग्लंड चालायचं. “ती पोरं चिखलात खेळत्यात, आपल्यागत,” एवढंच तुमचं कारण. तुमचे दोस्त पेंटरचाचा तरुणपणी गोलकी, म्हणजे गोल राखणारे होते आणि नंतर जन्मभर नंबरप्लेटी आणि दुकानांच्या पाट्या रंगवत राहिले. त्यांनीच तो पत्रा रंगवला. हिरवं मैदान, त्यावर अकरा पांढरे गोल. आपल्या डोळ्यांदेखत खेळलेल्या इंग्रजांतले सगळ्यात थोर अकरा. खरं नाव लिहायचं नाही, पेठेनं ठेवलेलं लिहायचं. तुमचं आणि चाचांचं एकमत झालं तरच नाव चढायचं, तेही ऑइलपेंटनं, म्हणजे नंतर कुणाला पुसता येऊ नये. दहा गोल भरले. गोलकीच्या जागेपुरता मात्र नियम मोडून चाचांनी तुम्हालाही विचारलं नाही. मैदानाच्या बरोबर मधला एक गोल मात्र कित्येक वर्षं रिकामाच होता.

त्या एका जागेसाठी तिघे होते. तुमचा पैलवान, जो स्वतःच्या गोलपासून समोरच्याच्या गोलपर्यंत धावायचा, अंगावर जायचा, लांबून मारायचा. चाचांचा कारकून, जो कुठंच दिसायचा नाही आणि शेवटी डबक्यात, म्हणजे गोलपुढच्या चौकटीत, बॉल पडला की नेमका तिथं असायचा. आणि माझा पोस्टमन, ज्याचं नाव मीच ठेवलं होतं. तो धावायचा कमी, अंगावर गेला तर हमखास चुकायचा, पण बॉल ज्याच्या पत्त्यावर पाठवायचा त्याच्याच पायात पडायचा. तुमचा आणि चाचांचा वाद मला अजून शब्दन् शब्द आठवतो, कारण तो दर रविवारी तोच असायचा. तुम्ही आरीनं भोकं पाडत पाडत म्हणायचा, “पैलवानानं एकट्यानं टीम वढली की रं.” चाचा म्हणायचे, “वढून कुठं नेली, खड्ड्यात?” “आनि तुजा कारकून? उशिरा येतोय, शिक्का मारतोय, घरला जातोय.” “शिक्का बसतोय न्हवं? गोल मोजत्यात मालक, घाम न्हाय मोजत कुनी.” मग गिऱ्हाईक पोरांपैकी कुणीतरी विचारायचं, “आनि पोस्टमन?” तुम्ही मान वर न करता म्हणायचा, “त्यो आमच्या हुशार बाईचा हाय. त्यो मोजायचा न्हाय.”

तुमची कसोटी तुमच्या धंद्यातली होती. पेठेतल्या प्रत्येक खेळाडूचा बूट तुमच्या हातून जायचा. तळवा उलटा करून, कुठला खिळा किती झिजलाय हे अंगठ्यानं चाचपून तुम्ही सांगायचा की हा डावीकडं वळतो, हा नुसता उभा राहतो, हा पळायचं नाटक करतो. सहसा ते बरोबर असायचं. मग तीच कसोटी तुम्ही टीव्हीतल्या माणसांना लावली. “पैलवानाचा बूट महिन्याला माज्याकडं आला असता. पोस्टमनचा जलमात आला नसता. ज्याचा बूट झिजत न्हाय, त्येला मी खेळाडू म्हनत न्हाय.” बूट शिवणाऱ्यालाच सुचेल अशी ही चूक आहे. मी आज एका फाउंड्रीच्या प्रयोगशाळेत धातूची झीज मोजते. नमुना फिरत्या चकतीवर दाबून धरायचा, आधीचं वजन, नंतरचं वजन, फरक लिहायचा. आमच्याकडं जो कमीत कमी झिजतो तो पास होतो. झीज म्हणजे काम नव्हे, आप्पा. झीज म्हणजे कामातून वाया गेलेला भाग. हे तुम्हाला सांगायला मला तेव्हा शब्द नव्हते आणि आता तुम्ही नाही.

मी अकरावीत असताना आलेखाच्या वहीत तीन महिने मोजदाद केली. मामाच्या कॉम्प्युटरवर सामने थांबवून थांबवून बघितले, तिघांनी दिलेला प्रत्येक पास लिहिला, तो पोचला की नाही ते लिहिलं. एका रविवारी दुकान भरलेलं असताना मी उभी राहून ते वाचायला लागले. दुसऱ्या पानावर तुम्ही हातातला बूट खाली ठेवला. “बॉलला कदी पाय लावलायस का गं?” मी मान हलवली. “न्हाय न्हवं? मग बस. भाकरी न थापता मीठ कमी हाय म्हननारी जात तुजी.” सगळे हसले. चाचाही हसले, पण त्यांनी नंतर खाली बघितलं. मी वही मिटली. मला हसण्याचं काही वाटलं नाही. वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. अकरा वर्षांची असताना मी तुमच्याकडं बूट मागितले होते, आणि तुम्ही म्हणाला होता, “पोरींच्या मापाचं कलबूत न्हाय माज्याकडं.” लाकडाचा तो पाय, ज्यावर चामडं ओढून बूट करतात. तुम्ही जेवायला गेल्यावर मी बघितलं होतं. माझा पाय तीन नंबरचा होता. तीन नंबरचं कलबूत डाव्या फळीवर दुसरं होतं आणि माझा पाय त्याच्याशेजारी ठेवल्यावर टाचेला आणि अंगठ्याला बरोबर जुळला होता. तेव्हा बॉलला पाय का लावला नाही याचं उत्तर तुमच्या फळीवर होतं, आणि ते तुम्हाला माहीत होतं.

तुम्हाला लकवा मारला तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समज शाबूत आहे, असं डॉक्टर म्हणाले. डावा हात हलत होता, म्हणून मीच ठरवलं, एक बोट म्हणजे हो, दोन बोटं म्हणजे नाही. तसा कागद करून कॉटच्या डोक्याशी चिकटवला. नर्स म्हणाल्या, मुलगी किती काळजी घेते. त्यानंतर रोज संध्याकाळी भेटायच्या वेळेत मी लॅपटॉप घेऊन यायचे, तुमच्या छातीपाशी ठेवायचे आणि पोस्टमनचे पास लावायचे. एक झाला की दुसरा. डोळे मिटलेत तर उघडेपर्यंत थांबायचे. तुम्ही मला एका वाक्यात खाली बसवलं होतं आणि आता तुमच्याकडं एकही वाक्य नव्हतं. मला ते आवडत होतं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आई एकदा म्हणाली, “बास कर की गं. दमल्यात ते.” मी म्हणाले, “नुसतं बघायला काय दम लागतोय?” आई मोसंबं सोलायला लागली.

आठव्या की नवव्या दिवशी मी लॅपटॉप मिटला आणि सरळ विचारलं. “आप्पा, मधल्या गोलात पोस्टमन. मान्य?” तुम्ही बराच वेळ माझ्याकडं बघितलं. मग चादरीवर दोन बोटं उचलली. मला वाटलं थरथर असेल. मी पुन्हा विचारलं, शब्द बदलून. दोन बोटं. तिसऱ्यांदा मी तुमचा हात आधी सपाट ठेवला, दहा आकडे मोजले आणि विचारलं. दोन बोटं, ताठ. तीन वेळा एकच निकाल, यंत्रात दोष नाही. मी तुमच्या अंगावरची चादर नीट केली आणि बाहेर आले.

बाहेर जिन्याशी चाचा उभे होते. आत यायचा त्यांना धीर होत नव्हता. “काय म्हनतोय आमचा मालक?” त्यांनी उगाच विचारलं, तब्येतीचं. मी म्हणाले, “पोस्टमनला हो म्हणाले.”

“काय?”

“एक बोट. मी विचारलं आणि एक बोट वर केलं.”

चाचा पायरीवर बसले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. “जिंदगीत कुनाचं ऐकलं न्हाय ह्या मानसानं. माजं न्हाय, बायकूचं न्हाय, डाक्टरचं न्हाय. पोरीचं ऐकलं बघ.” मला तेव्हाच सांगता आलं असतं. मी पायऱ्या मोजत खाली गेले. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. तेराव्यानंतर चाचांनी स्वतःच्या कारकुनाचा हट्ट सोडला, ब्रश आणला आणि मधल्या गोलात ‘पोस्टमन’ लिहिलं. मी बघत उभी होते. मात्रा थोडी जाड झाली. बाकी अक्षर चांगलं आहे.

मी आजही सांगते, पोस्टमनच. माझं मोजमाप बरोबर होतं आणि तुमचं चूक. पण एक गोष्ट मला उशिरा कळली, आणि ती प्रयोगशाळेत कळली, हाताखालच्या एका मुलानं मला बरं वाटावं म्हणून आकडा वर ढकलला तेव्हा. मी त्याला सगळ्यांसमोर झाडलं, तुमच्यासारखंच. घरी आल्यावर लक्षात आलं की तुम्हाला त्या दिवशी एक बोट उचलणं सोपं होतं. मरणाऱ्या माणसाला मुलीची समजूत काढायला काय लागतं? तुम्ही आठ-नऊ दिवस बघितलंत, विचार केलात, आणि तरी नाही म्हणालात. तीनदा. ‘तो मोजायचा नाही’ म्हणणाऱ्या माणसानं मला मोजलं, चाचांच्या मताला जितकं वजन द्यायचात तितकं देऊन खोडून काढलं. तुमच्याकडून मला मिळालेलं खरं उत्तर एवढं एकच. तेवढंच मी बदललं.

काल तालमीत, म्हणजे पेठेच्या फुटबॉल मंडळात, पेठेतल्या मुलींच्या संघाला बूट वाटले. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरी, सगळ्या मोठ्यानं बोलणाऱ्या. चाचांना खुर्चीवर बसवून आणलं होतं. आता त्यांना कमी दिसतं, पण आवाज तोच आहे. ते म्हणाले, “मी माज्या डोळ्यांनी बघितलंय! एक बोट, असं! मी कॉटजवळच हुतो की.” ते कॉटजवळ नव्हते. इतक्या वर्षांत जिन्यावरून ते खोलीत आलेत, आणि मी त्यांना परत पाठवणार नाही. हे पत्रही त्यांना दाखवणार नाही, आईलाही नाही. लिहून झालं की आमच्या ऑफिसातल्या कागद कापायच्या यंत्रात जाईल.

कार्यक्रम संपल्यावर एक मुलगी मागं राहिली. नवे बूट तिनं पायात घातले नव्हते, पिशवीतच धरले होते. म्हणाली, “ताई, एक इचारू? आमचं पप्पा बी लय आडमुठं हाईत. खेळायचं नाव काडलं की ताट ढकलत्यात. तुमच्या वडलांनी खरंच मानलं?”

खरं सांगायला ती जागा योग्य होती. ऐकायला तिसरं कुणी नव्हतं. चाचांना रिक्षात बसवत होते.

“मानलं,” मी म्हणाले.

“मराय टेकल्यावरच मानत्यात काय सगळी?”

“नाही. तुझे आधी मानतील.”

ती बूट छातीशी धरून माझ्या तोंडाकडं बघत राहिली. तिला अजून काहीतरी हवं होतं.

“बोट वर केलं,” मी म्हणाले, “आणि हसले.”

हसणं आजवर गोष्टीत नव्हतं, आप्पा. ते काल मी घातलं.