भिंतीपुढची वाळू

प्रिय ठमाबाई,

तुझ्या कचेरीत तुला सगळे मॅडम म्हणतात हे ठाऊक असूनही माझ्या पत्राची सुरुवात अशीच होणार, त्याला इलाज नाही. तू फोनवर विचारतेस, "बाबा, गवंड्याला पाठवू का? समुद्राकडची भिंत आणखी उंच करून घेऊ. नाहीतर सरळ माझ्याकडे राहायला या." आणि मी दर वेळी दूध उतू चाललंय असं सांगून सटकतो. एवढं दूध कोणाच्याच घरी उतू जात नसतं, हे तुलाही कळतंच. भिंत वाढवायची की घर सोडायचं, याचं उत्तर तुला हवंय आणि ते देणं भाग आहे. पण फोनवर तू वकिलासारखी उलटतपासणी घेतेस. कागदावर मला मध्येच कोणी तोडत नाही. म्हणून आता पाय पसरून बैस आणि सावकाश वाच. गोष्टीचं शेवटचं पान आधी उघडायची तुझी खोड या पत्रापुरती तरी बाजूला ठेव.

आधी चांगली बातमी. आपल्या किनाऱ्यानं पुन्हा वाळू धरली आहे. तू मागे आलीस तेव्हा नुसते काळे दगड उघडे पडले होते. त्यानंतर गल्लीतल्या लोकांनी एकत्र येऊन तिथे मर्यादवेल लावायची ठरवली. ती जांभळ्या फुलांची, वाळूवर सरपटत जाणारी. तिच्या पानांत वारा अडतो, वाऱ्यातली वाळू खाली पडते आणि हळूहळू उंचवटा तयार होतो. पुढारीपण गेलं शिंपीकाकांकडे आणि कवायतीच्या मास्तरांकडे, आणि तिथेच घोटाळा झाला. एकानं टेप आणि खडू आणला, दुसऱ्यानं शिट्टी. लष्कराच्या संचलनासारख्या सरळ रांगांत वेल लागली. आम्ही कौतुकानं बघत उभे. मग समुद्रावरून वारा आला आणि शाळा सुटल्यावर पोरं धावतात तसा त्या रांगांमधल्या मोकळ्या वाटांनी सुसाट पळाला. होती ती वाळूही उडाली आणि थेट बेकरीच्या दारात जाऊन पडली. बेकरीवाली कमरेवर हात ठेवून आली, "काका, आता पावाबरोबर वाळू फुकट देऊ का?" मास्तरांनी शिट्टी गुपचूप खिशात टाकली.

सगळी रोपं उपटून पुन्हा लावली, या वेळी वेडीवाकडी, जिथे हात जाईल तिथे. शिंपीकाकांना ते बघवेना. "उसवलेल्या शिवणीसारखं दिसतंय हो," असं म्हणत ते दोन रोपं हळूच एका ओळीत सरकवायचे आणि बेकरीवाली ती पुन्हा वाकडी करायची. पण वाऱ्याला वाट सापडेना, तो अडखळला आणि हातातलं ओझं तिथेच टाकून गेला. आता सकाळी तिथे उभं राहिलं की वाळूच्या पाठीवर हिरवं पांघरूण घातल्यासारखं वाटतं.

माझ्याकडे काम आलं नव्या रोपांना पाणी घालायचं. मी पाणी घालतो आणि शाळेत पाठ केलेल्या कविता म्हणतो. आमच्या गुरुजींनी शिकवलं होतं, समुद्र म्हटला की आवाज चढवायचा, कारण तो गर्जतो. जन्मभर मी तसंच म्हणत आलो. आता रोज त्याच्या शेजारी वाकून काम करताना कळतं, की तो बहुतेक वेळ पुटपुटतो, चष्मा शोधणाऱ्या म्हाताऱ्यासारखा. परवा कवितेचं एक कडवं विसरलो आणि तुझी आठवण झाली. शाळेच्या कार्यक्रमात तू दुसरं कडवं विसरलीस आणि मुळीच न डगमगता पहिलंच पुन्हा म्हटलंस, जास्त मोठ्यानं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तुझी आई डोळे पुसत म्हणाली, "ही पोरगी जगात कुठेही टिकेल."

आता शेजारच्या नर्सबाईंचं सांगतो. त्यांची भिंत वादळात पडली ती त्यांनी पुन्हा उभारलीच नाही. "रुग्णांना उभं करते तेवढं पुरे," म्हणाल्या. वेल त्यांच्या अंगणात शिरली, मागोमाग वाळू आली आणि तिथे छान उतार झाला. भरतीचं पाणी त्या उतारावर चढता चढता दमतं आणि मुकाट परत जातं. ते बघून शिंपीकाकांनी आपली भिंत काढली, मग बाकीच्यांनीही. आता अख्ख्या ओळीत एकच भिंत उभी आहे, आपली. तिच्यापुढे मात्र वाळू टिकत नाही. लाट येते, भिंतीवर आपटते आणि परतताना होती नव्हती ती वाळू ओढून नेते. पायाचे दगड दिसायला लागले आहेत. मी तिथे वेल तीनदा लावली, तिन्ही वेळा वाहून गेली.

ती भिंत कशी उभी राहिली ते मी विसरलेलो नाही. त्या साली पाणी घरात घुसलं, तुझ्या आजारी आईला खाटेसकट वरच्या मजल्यावर न्यावं लागलं. नोकरीला लागून तुला थोडेच दिवस झाले होते, तरी रजा काढून आलीस. भर उन्हात डोक्यावर ओला टॉवेल टाकून गवंड्याच्या मागे उभी राहिलीस, "ओळंबा पुन्हा लावा, मला वाकडी दिसते," म्हणून त्याला जेरीस आणलंस. वाळूचं शहाणपण तेव्हा कोणालाच नव्हतं. भिंत झाल्यावर आई पहिल्यांदा दिवा मालवून झोपली. शेवटची वर्षं तिनं त्या भिंतीच्या भरवशावर सुखानं काढली. ठमे, तुझ्या भिंतीनं आपलं काम चोख केलं आहे.

तर उत्तर असं. भिंत उंच करायची नाही आणि मी घरही सोडत नाही. भिंत काढायची आहे. आपल्या भिंतीवर आपटलेलं पाणी आडवं होऊन नर्सबाईंच्या स्वयंपाकघरात शिरतं. गेल्या मोठ्या भरतीला त्या गुडघाभर पाण्यात उभं राहून भांडी गोळा करत होत्या. मी ओशाळून गेलो तर म्हणाल्या, "असू दे हो, पाणीच आहे." यापलीकडे त्या एक शब्द बोललेल्या नाहीत. आईचं शेवटचं आजारपण त्यांनीच काढलं, ही भिंत कोणी कोणासाठी बांधली ते त्यांना माहीत आहे. गल्लीतलंही कोणी विचारत नाही. विचारायचं मलाच आहे, आणि तेही तुला. उतार होईल, वाळू बसेल, घर राहील, याची मला खात्री आहे. नर्सबाईंच्या अंगणात मी ते रोज डोळ्यांनी बघतोय. तू नको म्हणालीस तर मी गल्लीला सांगेन की म्हातारा हट्टाला पेटलाय, तुझं नाव येऊ देणार नाही. पण तू नको म्हणणार नाहीस. रविवारी ओहोटी सकाळी आहे, मास्तरांनी पहारी गोळा केल्या आहेत. तू ये. पहिला घाव तुला घालावा लागेल. माझा हात त्या भिंतीवर उचलला जात नाही.

वाट बघणारा, तुझाच,
बाबा