मेजरला पाण्यात उतरवताना

१० मार्च, सोमवार. सकाळी ८.
आजपासून रोज लिहायचं. एकतीस वर्षं हायस्कुलात भूगोल शिकवला, नोंदी ठेवायची सवय आहेच. रिटायर झाल्यावर जरा खंड पडला इतकंच.
विषय: मेजर. लॅब्रेडोर, वय नऊ महिने. मूळ कुत्रा रेणूचा. लेकीला पुण्यात मोठं घर मिळेपर्यंत आमच्याकडे. तिने नाव कोको ठेवलं होतं, मी बदललं. बायको, शामकला, अजून कोकू म्हणते आणि तो तिच्याकडेच धावतो. नवीन नाव रुळायला वेळ लागतो.
समस्या: पाण्याला घाबरतो. काल बोडीवर नेला. गावामागचा हा छोटा तलाव आमच्या पणजोबांनी खोदलेला. मेजर पाळीवर, काठच्या बांधावर, उभा राहिला, पाण्याकडे बघितलं आणि बसला. टपरीवाला देवानंद चार लोकांसमोर म्हणाला, “सर, तलाव बांधणाऱ्याच्या घरचा कुत्रा अन् पाण्याले भेते?”
तिथल्या तिथे जाहीर केलं. पाडव्याला रेणू येईल तेव्हा मेजर बोडी आरपार पोहून दाखवेल. वीस दिवस आहेत. भरपूर झाले.

११ मार्च.
यूट्यूबवर व्हिडिओ बघितला. पायरी पहिली: मालकाने आधी स्वतः पाण्यात उतरावं, म्हणजे कुत्र्याचा कॉन्फिडन्स वाढतो.
मला सर्दी आहे. पायरी दुसरीपासून सुरू करणार.

१२ मार्च.
अंगणात घमेल्यात पाणी भरून ठेवलं. सराव म्हणून. मेजरने ते पिऊन टाकलं.
पाण्याशी संपर्क झाला. प्रगती समाधानकारक.

१४ मार्च. धुळवड.
पोरांनी मेजरवर दोन बादल्या रंगाचं पाणी ओतलं. तो शेपूट हलवत तिसरीची वाट बघत उभा होता. शामकला म्हणाली, “हा कुठी भेते पाण्याले?”
तिला सांगितलं, वाहतं, साचलेलं आणि बादलीतलं, हे तीन वेगळे विषय आहेत. ती पुऱ्या तळायला गेली.

१६ मार्च, रविवार.
बोडीवर चेंडू फेकला. पट्टा हातात घट्ट. मेजरने चेंडूकडे बघितलं, मग माझ्याकडे. एक पाय पुढे टाकला. तिथे एकदम उतार आहे, म्हणून मी ओरडलो, सांभाळून. तो मागे आला.
चेंडू नंदाबाईने काढून दिला. ती रोज बोडीत मासळीचं जाळं टाकते, कंबरभर पाण्यात उभी असते. म्हणाली, “मास्तर, तुमी पाण्यापासून दहा हात दूर उभे, तो कसा येईन?” मी सांगितलं की प्रशिक्षक नेहमी बाहेर उभा असतो. क्रिकेटचा कोच काही बॅट धरत नाही.
हिला क्रिकेट माहीत नसावं.

१८ मार्च.
काठावर कोंबडीचे तुकडे ठेवत गेलो, पाण्याकडे एकेक. मेजरने शेवटचा सोडून सगळे खाल्ले. शेवटचा पाण्यात होता. तो बगळ्याने खाल्ला.
माझी चप्पल चिखलात गेली. एकच. दुसरी घेऊन घरी आलो. ती कशाला आणली, असं शामकलाने विचारलं. धुऊन कोपऱ्यात ठेवली.

१९ मार्च.
लाइफ जॅकेट आलं. नारिंगी. मेजरला फार मोठं, पार जमिनीवर लोळतं. मापाचा दोष कंपनीचा. अंगणात ते मी घालून बघितलं, फक्त पट्टे तपासायला. शामकला ओसरीत बसून वांगी चिरत होती. म्हणाली, “तुमाले बराबर होते जी.”
परत पाठवलं.

२१ मार्च.
अकरा दिवस संपले. मेजरचे पाय कोरडे. देवानंद रोज विचारतो, सर, कुठवर आलं पोहणं. टपरीवर जाणं बंद केलं आहे. चहा तसाही तब्येतीला बरा नाही.
लाडावून उपयोग नाही. उद्यापासून कडक धोरण.

२२ मार्च, शनिवार. दुपारी.
उचलून पाण्यात टाकला.
टाकला म्हणजे ठेवला. घाटाच्या तिसऱ्या पायरीवर, हात लांब करून. पायरीवर शेवाळ होतं. तो घसरला, डोकं पाण्याखाली गेलं. एकच क्षण. वर आला तेव्हा त्याचे डोळे मी बघितले. नंदाबाई जाळं सोडून धावली आणि तिने त्याला ओढून काढलं. मी पाळीवर होतो. मला हलता आलं नाही. चप्पल नवीन होती, घसरलो असतो.
तो घरापर्यंत एकटा धावत गेला. आता खाटेखाली आहे. थरथरतो आहे. मी वाकलो तर आणखी आत सरकला.
शामकला खाटेखाली हात घालून टॉवेलने त्याला पुसत बसली.

२३ मार्च.
माझ्या हातची पोळी खात नाही. मेजर म्हटलं की उठून दुसऱ्या खोलीत जातो. कोकू म्हणूनही बघितलं. तेच.
शामकलाने रेणूला फोनवर सगळं सांगून टाकलं. रेणू मला काही ओरडली नाही. शांतपणे म्हणाली, “बाबा, जमत नसेल तर पाडव्याला मी त्याला घेऊन जाते. मैत्रिणीकडे ठेवीन.” मी म्हणालो, बघ, तुझ्या सोयीने.
तिची सोय बघायला हवी. कुत्रा गेला तर घरात केस होणार नाहीत. पहाटे पाच वाजता कोणी पायाची बोटं चाटणार नाही.
नाहीतरी आज चाटलीच नाहीत.

२५ मार्च.
ट्रेनिंग तांत्रिक कारणामुळे स्थगित.
शामकलाने जेवताना विचारलं, “मी लगन होऊन आली तवापासून पाहून राहिली, तुमी बोडीत पाय नाही घातला. काऊन?”
सांगितलं की वेळ मिळाला नाही. लग्नाला अडतीस वर्षं झाली, सगळी कामात गेली.
नोंद म्हणून लिहून ठेवतो: आठ वर्षांचा असताना मोठ्या भावाने मला ‘तसाच शिकते’ म्हणून बोडीत ढकललं होतं. पाणी सोडायच्या दाराजवळ. केस धरून काढलं कोणीतरी. बाबांनी वर दोन थपडा दिल्या, तलाववाल्याचा पोरगा बुडते म्हणून. या गोष्टीचा मेजरच्या प्रश्नाशी संबंध नाही.

२७ मार्च. सकाळी.
खाटेखाली मेजर नाही. घरात शामकला नाही. भाजी आणायला गेली असेल म्हणून तासभर थांबलो. दोघं आली. त्याचे पाय ओले. विचारलं तर म्हणाली, घाटावर बसली होती नंदाबाईशी बोलत. मी विचारलं, त्याला काय शिकवलंस. म्हणाली, “काही नाही. नुसती बसली पाय सोडून. त्याले वाटलं त आला.”
ही पद्धत नव्हे.

२९ मार्च, शनिवार. सकाळी ७.
मागोमाग गेलो. निरीक्षणासाठी.
शामकला घाटावरून पाण्यात उतरली. गुडघा, कंबर, मग ती पोहायलाच लागली. लुगडं खोचून, संथ, हात मारल्याचा आवाजसुद्धा नाही. मेजर पायरीवर दोन वेळा कुईकुई करून तिच्यामागे गेला. फक्त डोकं दिसत होतं.
अडतीस वर्षांत मला माहीत नव्हतं की ही पोहते. बाहेर आल्यावर विचारलं, बोलली का नाहीस. म्हणाली, “माहेर नवेगाव बांधचं माझं. एवढा मोठा तलाव दारासमोर. पोहणार नाही त काय करीन? तुमी इचारलं कधी?”


३० मार्च. पाडवा.
रेणू सकाळच्या गाडीने आली. गुढी उभारून सगळे बोडीवर. देवानंद टपरी बंद करून आला. शामकला आणि मेजर पाण्यात. मला फोन देऊन व्हिडिओ काढायला उभं केलं.
मेजर आरपार गेला. नंदाबाईने पलीकडे त्याला मासळी दिली. देवानंद म्हणाला, “सर, मानलं वहिनीले.”
मानायला हवंच. पण वेळापत्रक माझं होतं.
दुपारी पुरणपोळी झाल्यावर रेणूने टीव्हीवर व्हिडिओ लावला. पाणी, दोन डोकी, आणि सगळ्यावर एकच आवाज. परत ये. तिकडे खोल आहे. सांभाळून. परत ये रे. प्रत्येक वेळी मेजर मान वळवून काठाकडे बघतो, पाय मारायचे थांबवतो. मग शामकला हळूच काही म्हणते आणि तो पुढे जातो.
मी बोलत होतो हे मला आठवत नाही.
रेणूने व्हिडिओ थांबवला. म्हणाली, “बाबा, तुम्ही दर वेळी असंच म्हणायचे?”
टीव्हीचा आवाज फार मोठा होता. कमी करायला उठलो.
संध्याकाळी तिने बॅग भरली. मी पट्टा आणून दिला. तिने तो घेतला नाही. म्हणाली, कोको इथेच राहू दे. आईजवळ.

३१ मार्च, सोमवार. सकाळी ७.१५.
शामकलाने मला घाटावर नेलं. माझा गुडघा दुखतो म्हणून सांगितलं होतं. म्हणाली, गुडघ्याले पाणी चांगलं.
पहिल्या पायरीवर बसलो. पाय पाण्यात. घोट्यापर्यंत. तळाशी काय आहे दिसत नाही. दोन मिनिटांनी उठायला लागलो तर ती म्हणाली, “बसा जी. कोणी ढकलून नाही राहिलं.”
बसलो.
कोकू पोहून आला, माझ्याजवळ उभा राहिला आणि अंग झटकलं. चष्म्यापासून बनियनपर्यंत सगळा भिजलो.
शेजारी बसला मग. तो सरकला नाही, म्हणून मीही नाही.