एवढी मोठी बिजागरी

आई, तुझी ती बिजागरी कुठल्या दाराची होती, ते मला बहुतेक कळलंय. ती दाराची नव्हतीच. पुलाची होती. पूल म्हणजे आपला लकडी पूल नव्हे. हा पूल रणगाड्याच्या पाठीवर दुमडून ठेवलेला असतो. ओढा किंवा खंदक आडवा आला की रणगाडा जागच्या जागी उभा राहून तो उचलतो, अडकित्ता उघडावा तसा उघडतो आणि पलीकडच्या काठावर टेकवतो. मग मागचे सगळे त्याच्यावरून जातात. हे ऐकून तू आधी चष्मा काढून पदराने पुसला असतास आणि म्हणाली असतीस, "अगं बाई, म्हणजे मी इतकी वर्षं उगाच दारं बघत हिंडले!" हिंडलीसच. आता तुला जाऊन पंचवीस वर्षं होऊन गेली आणि मी पन्नाशी ओलांडून जेवणाच्या टेबलावर प्लास्टिकचा रणगाडा जोडत बसलेय, तेव्हा हसायचंच असेल तर आधी मला हस.

खडकीच्या बाजूच्या त्या सरकारी ड्रॉइंग ऑफिसात तू ट्रेसर होतीस. शाळेच्या फॉर्मवर आईचा व्यवसाय लिहायचा होता म्हणून मी विचारलं होतं, ट्रेसर म्हणजे काय गं? तू म्हणालीस, "दुसऱ्याने पेन्सिलीने काढलेलं आपण शाईने गिरवायचं. बालवाडीत करतात तेच, फक्त इथे पगार मिळतो." त्या ऑफिसच्या फाटकाच्या आत मला कधी येता आलं नाही. मला तुझं ऑफिस ठाऊक होतं ते वासावरून. छापे काढायच्या यंत्राचा अमोनिया तुझ्या साडीत बसलेला असायचा, आणि तू कर्वेनगरच्या आपल्या जिन्यात पाऊल टाकलंस की तो तुझ्या आधी घरात यायचा. ऑफिसात एकेका कागदावर एकेकच भाग यायचा. कोपऱ्यात नुसता नंबर. कशाचा भाग आहे, ते विचारायची सोय नव्हती. "आणि विचारलं तरी साहेबाला कुठे माहीत असतं?" हे तुझं ठरलेलं वाक्य. मी सातवीत असताना एक बिजागरी तुझ्या बोर्डावर आली. ती सुधारून सुधारून परत येत राहिली, मी कॉलेजात जाईपर्यंत. बाकीच्या बायकांना ती नको व्हायची, म्हणून ती तुझीच झाली.

एका संध्याकाळी तू पोळ्या करतेयस. परातीत कोरडं पीठ उरलंय, त्यात तू बोटाने काढून दाखवतेस. एक लांबट कान, त्याला मोठं भोक. समोर तसाच दुसरा कान, आणि दोघांतून आरपार जाणारी खिट्टी. "ही आपली एवढीशी काढलीय. खरी माझ्या दंडापेक्षा जाड आहे. सांगा, असलं दार कुठे असतं?" बाबा पेपरातून मान वर न काढता म्हणतात, "तुझ्या माहेरी असेल. तिथे सगळंच मोठं असतं." तू त्यांच्याकडे एकदा बघतेस, मग एकदम भानावर येऊन तळहाताने पीठ सारखं करतेस. मला म्हणतेस, "बाहेर कुठे बोलायचं नाही हं हे." त्याच पिठावर पुढची पोळी लाटलीस. सरकारचं गुपित मी तूपसाखरेबरोबर खाल्लं, आणि आजवर खरंच कुठे बोलले नाही.

तुझ्या डोक्यातून ते दार मात्र गेलं नाही. बँकेत गेलीस की तिजोरीच्या खोलीचं दार कसं टांगलंय ते वाकून बघायचीस. एका रविवारी मला आणि बाबांना खडकवासल्याला नेलंस. आम्ही दोघं कणसं खात होतो आणि तू लांबून धरणाची दारं न्याहाळत होतीस. परत येताना बसमध्ये एवढंच म्हणालीस, "दारं मोठी आहेत, पण आपली नव्हेत." मंडईत तर कहरच केलास. भाजी घ्यायची सोडून एका जुन्या दुकानाच्या दारामागे डोकं घातलंस. मालक म्हणाला, "काकू, दार विकायचं नाहीये." तू म्हणालीस, "घ्यायचंय कोणाला? किती कुरकुरतंय ते बघतेय." मी लाजेने चार पावलं लांब उभी होते. आता वाटतं, सबंध पुण्यात त्या बिजागरीसाठी एवढी पायपीट करणारी तू एकटीच असशील.

डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी मी एक शीट रबराने खोडून खोडून काळी केली, तेव्हा तू माझ्यावर पहिल्यांदा खऱ्या अर्थाने चिडलीस. आवाज चढवला नाहीस, तो तुझा चढायचाच नाही. कंपासपेटीतून मेणकागदात गुंडाळलेलं अर्धं ब्लेड काढलंस. ब्लेड आडवं धरून शाईची रेघ हलकेच खरवडायची, मग ती जागा नखाने घोटायची म्हणजे नवी शाई फुटत नाही, हे शिकवलंस. "खोडलं तर डोळ्याला दिसतं. खरवडलं तर दिसत नाही, पण बोटाला कळतं. म्हणून मुळात चुकायचंच नाही." पुढच्या शीटला मला पैकीच्या पैकी मिळाले. मी ती तुझ्यापुढे नाचवली. तू डोळे मिटून तिच्यावरून बोट फिरवलंस आणि म्हणालीस, "इथे." मग जरा पुढे जाऊन, "आणि इथे." मास्तरांना फसवलं होतं, तुला फसवता आलं नाही.

मग ती वर्षं आली, जेव्हा कर्वे रस्त्यावरच्या दर दुसऱ्या बंगल्यात कोणी ना कोणी कॉम्प्युटर मांडून बसलं होतं. मला तसल्याच एका बंगल्यात नोकरी लागली. काम एकच, कारखान्यांची जुनी ड्रॉइंगं कॉम्प्युटरवर चढवायची. ती तुझ्यासारख्याच कोणाकोणाच्या हातची होती. मी त्यांच्या रेघांवर टिचक्या मारून पुढे जायचे. पहिल्या दिवशी तू तुझी कंपासपेटी माझ्या हातात ठेवलीस. "घे. तुला लागायची नाही, पण घे." वर्षभरात तुमच्या ऑफिसातही सहा बोर्डांच्या जागी दोन मशीनं आली. तुला कोणी काढलं नाही, तूच मुदतीआधी निवृत्तीचा अर्ज दिलास. "तो उंदीर धरून रेघ मारणं माझ्याच्याने व्हायचं नाही," म्हणालीस, आणि आम्ही सगळे हसलो. तुझ्या जागी मी असते तर मला हसता आलं असतं का, हा विचार तेव्हा माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही.

त्यानंतरच्या थंडीतला एक रविवार. तू स्वयंपाकघरात जमिनीवर बसून मटार सोलतेयस. मी ऑफिसला निघालेय, कारण आम्हाला तेव्हा रविवार नसायचा आणि त्याचा मला अभिमान होता. तू मान खाली घालूनच विचारतेस, "काय गं, तुमच्या मशीनवर म्हणे सगळे भाग जोडून दिसतात?" मी म्हणते, दिसतात. "सगळे? एकदम?" हो, आणि फिरवूनही बघता येतात, मागून, पुढून, खालून. तुझे हात थांबतात. "मला एकदा बघायचंय." मी म्हटलं, "नेईन गं कधीतरी." तू "बरं" म्हणालीस आणि पुन्हा मटार सोलायला लागलीस. मी तुला नेलं नाही. तुझी बिजागरी आमच्याकडे नव्हती, पण एखादा पंप तर होता, साखर कारखान्याचा चरक होता. आयुष्यभर सुटे भाग गिरवलेल्या बाईला एक अख्खी वस्तू दाखवायला अर्धा तास पुरला असता. पुढच्या दिवाळीनंतर तू गेलीस.

मी पुढे खराडीला गेले, काचेच्या इमारतीत, आणि वीसेक वर्षं पडद्यावर वस्तू गरगर फिरवल्या. या सव्वीस जानेवारीला सकाळी टीव्हीवर संचलन चालू होतं, मी आपली पोहे भिजवत होते. एक रणगाडा पाठीवर दुमडलेला पूल घेऊन गेला. दुमडीपाशी दोन लांबट कान आणि मध्ये खिट्टी. माझ्या हातातली चाळणी तशीच राहिली. आई, पिठातलं ते चित्र मी चाळीस वर्षांनी ओळखलं. मग अशा पुलाचं मॉडेल शोधून मागवलं. त्यातला रणगाडा परदेशी आहे. तुझा कुठला होता, आणि तुझी बिजागरी खरंच पुलाची होती की आणखी कशाची, हे मला कधीच नक्की कळणार नाही. पण मला ती जोडायची होती. अख्खी.

सोपं नव्हतं गं. सहाशेच्या वर तुकडे, काही तर मोहरीच्या दाण्याएवढे. साखळीपट्ट्यांची कडी न् कडी सुटी, प्रत्येक कापायची, घासायची, ओवायची. चार महिन्यांतल्या सगळ्या रविवारच्या सकाळी त्यात गेल्या. माहितीपत्रकात बिजागरीपाशी गोंदाच्या ट्यूबच्या चित्रावर फुली काढली आहे, म्हणजे इथे चिकटवू नका. मी चिकटवलं नाही. शेजारच्या तुकड्याला लावलेला पातळ गोंद पाण्यासारखा आपसूक आत ओढला गेला आणि पूल मिटल्या अवस्थेत घट्ट बसला. अगदी रडू आलं. मग तुझी कंपासपेटी काढली. मेणकागदातलं अर्धं ब्लेड तसंच होतं, धारसुद्धा. आडवं धरलं, हलकेच खरवडत गेले. उजवा कान सुटला. डाव्याचा टवका उडाला. तो भरून काढला, घासला, वरून हिरवा रंग दिला. आता पूल उघडतो. पाहणाऱ्या कोणालाही काही दिसत नाही. तू डाव्या बाजूवरून बोट फिरवलंस तर म्हणशील, "इथे."

पूल पूर्ण उघडून तुझ्या फोटोपुढे ठेवलाय. पुढून, मागून, खालून, कसाही बघ. हे पत्र पाठवायचा प्रश्नच नाही. घडी घालून कंपासपेटीत, ब्लेडशेजारी ठेवीन. पण आज ते ब्लेड मी आणखी एकदा वापरलं, तेवढं सांगून टाकते. वर मटारांचं लिहिलंय ना, तिथे कागदावर बोट फिरव. एका जागी पातळ लागेल. तिथे मी आधी खरं लिहिलं होतं आणि मग ते खरवडलं, नखाने घोटलं आणि त्यावर दुसरं लिहिलं. "नेईन गं कधीतरी" असं मी म्हटलंच नव्हतं. मी बुटाची नाडी बांधत, तुझ्याकडे न बघता म्हटलं होतं, "आता तुला काय करायचंय ते बघून?" इतकी वर्षं ज्याला ज्याला हे सांगितलं, त्याला "नेईन" म्हटलं असंच सांगत आलेय, आणि आज तुलाही तेच सांगायला निघाले होते. तुझं "बरं" मात्र मी बदललेलं नाही. ते तू तसंच म्हणाली होतीस.