औषधाची ऊब

आबा,

सीटी स्कॅनचा नंबर लावायला मी पुढं जातेय. सुनेनं तोंडावर बोलायचं जरा अवघड, म्हणून लिहिते.

सुईतून औषध गेलं की अंगभर ऊब पसरते आणि धोतर ओलं झाल्यासारखं वाटतं. होत काही नाही, आबा! माझ्या स्कॅनला मलाही तसंच वाटलं होतं.

मागच्या खेपेला तुम्ही मधूनच उठून आलात. "मशीनच बंद पडलं, म्या काय करू?" म्हणालात. घरात सगळ्यांना तेच माहीत आहे, तेच राहू दे. पण पोटातली गाठ डॉक्टरांना नीट दिसायला हवी.

उपाशीपोटी निघा. चांदीचा करदोडा काढून ठेवा. भावोजींच्या टेम्पोतून या.

काचेपलीकडं मी उभी असेन. पाठ फिरवून.

वैष्णवी